वशाटाचा नवस

दत्ताराम ऐनाच्या झाडावरून पडला तेव्हा त्याचा बाप गोमाजी खालीच उभा होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, त्या राबासाठी टहाळ तोडायचं काम चाललं होतं. वर पोरगा कोयत्याने फांद्या उतरवत होता आणि खाली बाप त्यांचे भारे बांधत होता. फांदी मोडल्याचा आवाज गोमाजीने ऐकला, पण त्याला वाटलं तोडलेलीच फांदी खाली येतेय. मान वर करून बघेपर्यंत दत्ताराम दगडावर आडवा झाला होता. कोयता मात्र वरच, खोडात रुतून राहिला होता.

जर्मनची पहिली लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या रस्त्यापासून आत उतारावर. गोमाजीचं घर शेवटचं. त्याच्यापुढे वाघजाई देवीची राई आणि राईपुढे नुसता डोंगर. घरात बापलेक दोघंच. दत्तारामची आई रंगूबाई मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, तेव्हा पोरगा जेमतेम गुरं राखण्याएवढा होता. दुसरं लगीन कर म्हणून भावकीने गोमाजीच्या फार विनवण्या केल्या. त्याने ऐकलं नाही. चूल, शेत आणि पोर, तिन्ही त्याने एकट्याने सांभाळलं. मिसरूड फुटल्यावर दत्ताराम मुंबईला गेला, गोदीत बोटीवरचा माल उतरवायच्या कामाला लागला आणि अंगापिंडाने असा भरला, की सुटीत घरी आला की दाराच्या चौकटीत मावायचा नाही. तुडीलच्या एका घराशी सोयरीक ठरली होती, त्या बोलणीसाठी म्हणूनच तो त्या माघात घरी आला होता. बापाला राबाचं काम एकट्याने उरकत नाही हे बघून झाडावर चढला.

वरंधहून हाडवैद्य आणला. त्याने खुबा चाचपला, मांडी ओढून बसवली, बांबूच्या कामट्या लावून कमरेपासून गुडघ्यापर्यंत आवळून बांधलं आणि निक्षून सांगितलं, हाड धरेपर्यंत पोरगा हलता कामा नये. तुडीलचे पाहुणे येऊन बघून गेले. ओटीवर बसले, पान खाल्लं, हळहळले. परत काही आले नाहीत.

पोरगा पडला त्याच दिवशी तिन्हीसांजेला गोमाजी राईत गेला होता. वाघजाईच्या पाषाणापुढे उभा राहून तो नवस बोलला, की माझा दत्ताराम आपल्या पायावर उभा राहीपर्यंत माझ्या घरात वशाट येणार नाही, शिजणार नाही. वशाट म्हणजे मासळी, मटण, अंडं, सगळंच आलं. डोंगरातल्या माणसाने सोडावं असं त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय? आणि नवस म्हणजे गोमाजीच्या लेखी साधीसुधी बाब नव्हती. रंगूबाई आजारी पडली त्या वर्षी देवीला कबूल केलेली एक कोंबडी द्यायची राहून गेली होती. साथीत वाडीतली कितीतरी माणसं गेली. ज्यांनी देवीचे सगळे मान वेळेवर दिले होते, तीही गेली. पण गोमाजीच्या मनात ती राहिलेली कोंबडी जी बसली, ती बसलीच.

हाड धरलं. वाकडं धरलं, पण धरलं. फाल्गुन सरता सरता कामट्या सुटल्या आणि तेव्हाच घरात एक वास यायला लागला. गोमाजीने आधी उंदीर मेला असेल म्हणून सगळा पोटमाळा उलथापालथा केला. मग एक दिवस पोराला कुशीवर वळवून पाठ पुसायला घेतली आणि त्याचा हात तिथेच थांबला. माकडहाडावर तळहाताएवढा काळा डाग पडला होता आणि त्याच्या कडेने कातडं सुटून आतून पाणी वाहत होतं. एवढे दिवस पोरगा उताणाच, सपाट घोंगडीवर पडून होता. हलू नको म्हटलं होतं, म्हणून हलला नव्हता.

शेजारच्या घरात ठमाबाई राहायची. गोमाजीच्या थोरल्या चुलतभावाची विधवा. वयाने मोठी, बोलायला फटकळ, पण अडल्यानडल्याला पहिली धावणारी. तिने निंबाचा पाला वाटून दिला, हळदीची पुरचुंडी दिली आणि पथ्यही सांगितलं. अंड्याने पू धरतो, मासळीने जखम चिघळते, डाळीने वात होतो, दुधाने सूज येते. तेव्हा भाताची पेज आणि मीठ, बाकी काही नको. गोमाजीला हे सोयीचंच वाटलं. त्याचा नवस आणि वहिनीचं पथ्य एकाच दिशेला चालले होते.

चैत्रभर दत्ताराम पेजेवर राहिला. काळा डाग गळून पडला आणि त्या जागी खड्डा झाला. मग दुसरा, खुब्यावर. टाचेवर तिसरा. गोदीत गोण्या पेलणारे त्याचे दंड उसाच्या वाळल्या कांड्यासारखे झाले. गोमाजी सकाळ-संध्याकाळ जखम धुवायचा, हळद भरायचा, फडकं बांधायचा. दुसऱ्या दिवशी सोडून बघावं तर खड्डा होता तेवढाच, नाहीतर थोडा जास्तच.

महाडचे एक डॉक्टर बाजाराच्या दिवशी पोलादपूरला येत आणि एका दुकानामागच्या खोलीत बसत. वैशाखात भावकीतल्या गड्यांनी डोली केली आणि पालथा झोपवून दत्तारामला तिथे नेला. डॉक्टर पन्नाशीचे, टक्कल पडलेले, हळू बोलणारे होते. लढाईत ते तिकडे इराकात, बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात होते. जखमा बघून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही की गोमाजीला रागावलेही नाहीत. मेलेलं मांस कात्रीने उतरवलं, लाल औषधाच्या पाण्याने धुतलं, आणि तसं पाणी करायचं कसं, जुन्या धोतराचे तुकडे उकळून वाळवायचे कसे, ते शांतपणे समजावलं. पोराला एका अंगावर फार वेळ ठेवायचं नाही, सारखं कूस बदलत राहायचं, हेही बजावलं. मग हात पुसता पुसता विचारलं, "हा खातो काय?"

"पेज," गोमाजी म्हणाला.

"आणि?"

"पेजच. पथ्य हाय ना."

डॉक्टर स्टुलावर बसले. गोमाजीलाही त्यांनी बसायला लावलं. "हे बघा, गोमाजी. या जखमेतून रोज पाणी वाहतं ना, ते नुसतं पाणी नाही. त्याच्या अंगातलं मांस विरघळून बाहेर चाललंय. जेवढं बाहेर जातंय तेवढं पोटातून आत गेलं नाही, तर मी वरून कसलंही मलम लावलं तरी हा खड्डा भरायचा नाही. भरणार कशाने? घरात माती नाही आणि बांध घालायचा म्हणता. याला अंडी द्या, दूध द्या, मासळी द्या, मिळालं तर काळीज द्या. डाळ, तीळ, शेंगदाणे, जे मिळेल ते. पेज बंद."

गोमाजीने विचारलं, खाल्लं म्हणजे नक्की बरा होईल का.

डॉक्टर म्हणाले, "बसऱ्याला माझ्याकडे असे पुष्कळ शिपाई होते. ज्यांनी खाल्लं ते सगळे उठले, असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या पोटात अन्न नव्हतं, त्यांच्यातला एकही भरून आलेला मी पाहिला नाही." मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "आणि एक. खुबा वाकडा जुळलाय आणि त्या पायाची शीर दबलीय. पूर्वीसारखा हा चालणार नाही. तुम्हाला खोटी आशा लावत नाही. पण जखमा भरल्या तर हा जगेल, आणि बसूनसुद्धा माणूस पुष्कळ काही करतो."

निघताना त्यांनी एक बाटली दिली. पिवळट तेलाची, विलायती. सकाळ-संध्याकाळ चमचाभर पाजा म्हणाले, अशक्त माणसाला फार चांगलं. गोमाजीने कशाचं म्हणून विचारलं. माशाच्या काळजाचं तेल, डॉक्टरांनी सांगितलं. गोमाजीने बाटली उपरण्यात गुंडाळली आणि डोलीमागून चालू लागला.

घरी पोचल्यावर ती बाटली त्याने घरात नेली नाही. अंगणातल्या फणसाच्या बेचक्यात ठेवून दिली.

पुढचे काही दिवस त्याने नवसाला धक्का न लावता जेवढं करता येईल तेवढं केलं. कुळथाची पिठी केली, तीळ कुटून दिले, शेंगदाणे भाजून दिले. गाय आटली होती, म्हणून दूध मागायला वाडीभर हिंडला. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत कोणाच्याच दावणीला दूध नव्हतं. येता-जाता त्याची नजर फणसाकडे जायची. पोराच्या अंगात आता बारीक ताप राहायला लागला होता. पाठ धुताना दत्ताराम आधी दात आवळून कण्हायचा, आताशा कण्हेनासा झाला, आणि गोमाजीला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

डॉक्टरचं बोलणं त्याने मनातल्या मनात किती वेळा उलटून-पालटून पाहिलं. पोरगा पायावर उभा राहीपर्यंत, असं त्याने देवीला म्हटलं होतं. आणि डॉक्टर म्हणत होते, पायावर तो पूर्वीसारखा उभा राहायचाच नाही. म्हणजे नवस मोडायचा तर पोरगा पुन्हा चालेल ही आशाच आपल्या हाताने पुरून टाकायची. आणि पाळायचा, तर चालण्याच्या आशेपायी पोरच हातचं घालवायचं.

एका सकाळी तो उठला, आंघोळ केली आणि नारळ घेऊन राईत गेला. गुरव कोंडाजी देवीपुढची जागा झाडत होता. गोमाजीची सगळी हकिकत त्याला ठाऊक होती. त्याने लगेच केरसुणी ठेवली आणि फुलं घेऊन कौल लावायची तयारी चालवली. उजवं पडलं तर नवस सुटला, डावं पडलं तर राहिला. गोमाजीने त्याचा हात धरला. म्हणाला, "कोंडाजी, कौल नको लावूस. मी इचारायला नाय आलो. सांगायला आलोय."

कोंडाजी बाजूला झाला. गोमाजी पाषाणापुढे खाली बसला. मग तो म्हणाला, "आये, तू सोता कोंबडं घेतीस. तुला कोनी पेज दाखवत नाय. माझा पोरगा पेजेवर मरतोय. त्याच्यावरचा नवस मी काढून घेतो. त्याच्या ऐवजी मी. मी वशाट खानार नाय, जीव असेस्तवर खानार नाय. त्यो चालो, न चालो, ते तू बघ. त्याला जगूदे. आनि राग आला तर माझ्यावर काढ, त्याच्यावर नको."

नारळ फोडला. तो नासका निघाला नाही, एवढंच कोंडाजीने पुढे वाडीत सांगितलं. गोमाजीने तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. घरी येऊन त्याने फणसाच्या बेचक्यातली बाटली काढली, आत नेली आणि पोराच्या तोंडात पहिला चमचा ओतला. त्या वासाने दत्तारामचं तोंड वेडंवाकडं झालं.

मग तो ठमाबाईच्या दारात गेला आणि अंडी मागितली. ठमाबाईने त्याला उभ्या-उभ्या पुष्कळ ऐकवलं. जखमेत पू असताना अंडं म्हणजे पोराला हाताने विष घालणं, आणि देवीला बोललेला शब्द फिरवणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. गोमाजी ऐकत राहिला. तिचं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, की पेजेवर राहून पोराच्या जखमेतला पू कमी झाला का. ठमाबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या पदरात अंडी होती. "मी दिली म्हनून कुठं सांगू नका," ती म्हणाली.

त्या दिवसापासून गोमाजीच्या चुलीवर पुन्हा वशाट शिजायला लागलं. अंडी, बाजारातली सुकट, कधी ओढ्यातले मुठे खेकडे. तो रांधायचा, पोराच्या उशाशी ताटली ठेवायचा आणि शेतावर जायचा, कारण पेरणीची कामं तोंडावर आली होती. परत यायचा तेव्हा ताटली रिकामी असायची. त्याला बरं वाटायचं. पण दिवसांमागून दिवस गेले तरी दत्तारामच्या बरगड्या तशाच दिसत राहिल्या, जखमेचा तळ तसाच पांढुरका राहिला. घरातलं कुत्रं मात्र अंगाने तुकतुकीत दिसायला लागलं.

हे ध्यानात यायला गोमाजीला वेळ लागला. ज्या दिवशी आलं त्या दिवशी तो शेतावर जायला म्हणून निघाला आणि अर्ध्या वाटेतून मागे फिरला. दारातून त्याने पाहिलं. दत्ताराम एका हाताने उकडलेलं अंडं कुस्करून खाली सोडत होता आणि कुत्रं शांतपणे, रोजच्या सवयीने खात होतं.

गोमाजी आत येऊन पोराशेजारी बसला. रागावला नाही. खरं तर राग येण्याइतकंही बळ त्याच्यात राहिलं नव्हतं. "जात नाय व्हय रे तोंडात?" त्याने विचारलं.

दत्ताराम भिंतीकडे बघत राहिला. कुत्रं बाहेर गेलं. मग तो म्हणाला, "जातंय. भूक लागती. लय लागती."

"मंग?"

"बाबा, मी जेवलो की तुमाला माझं काढावं लागतं." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "पेजेवर असलो तर दोन-दोन दिस काय होत नाय. पोटभर खाल्लं की रोज. तुमी नाकाला फडकंबी लावत नाय, ते बघवत नाय मला. गोदीत मी एका दमात गोनी पाठीवर घेत होतो. आनि आता बापूस माझं ढुंगन धुतो. त्यापरीस पेज बरी. लवकर तरी सुटंन."

गोमाजी उठून ओटीवर जाऊन बसला. समोर राई होती, तिच्यावर ऊन होतं. सगळा वैशाख त्याने जखम, नवस, देवी आणि डॉक्टर यांचाच विचार करण्यात घालवला होता. पोराच्या मनात काय चाललंय ते एकदाही विचारलं नव्हतं. आपल्याला किळस येत नाही, हे त्याने पोराला सांगायचं ठरवलं. मग त्याच्या लक्षात आलं, की त्याने काहीच होणार नाही. पोराला बापाच्या किळसेची भीती नव्हती, त्याला स्वतःची लाज खात होती.

बऱ्याच वेळाने तो आत आला. "तुझं मला पटलं," तो म्हणाला. "माझ्या पोरानं मला असं धुतलं असतं, तर मीबी जेवलो नसतो. मला किळस नाय येत, पन तुला लाज वाटती ती खरी हाय. तिच्यावर कायतरी करू. तू जेव. बाकीचं तुझ्या हातानं तुला कसं करता यील, ते मी बघतो."

दत्तारामने पहिल्यांदा मान वळवून बापाकडे बघितलं.

त्या दिवशी गोमाजी शेतावर गेलाच नाही. रानातून बांबू आणून त्याने बाजेचा सांगाडा उभा केला आणि वाखाच्या दोरीने ती विणायला घेतली. विणताना मध्यभागी, माकडहाड येईल तिथे, त्याने वीण सोडून मोकळी जागा ठेवली. म्हणजे जखम कशावर टेकणार नाही आणि खाली मडकं ठेवलं की पोराला दुसऱ्या कोणाची गरज लागणार नाही. कडेने भाताच्या पेंढ्याच्या मऊ उशा भरल्या. मग घराच्या आढ्याला एक जाड दोर बांधला, त्याला गाठी मारल्या आणि तो बाजेवर सोडला. "ह्यो धर आनि अंग उचल," तो म्हणाला. "गोनी उचलायचास ना? आता सोताला उचल."

पहिल्या दिवशी दत्तारामला अंग वीतभरही उचलता आलं नाही. तो घामाने भिजून परत बाजेवर आपटला. पण त्याने दोर सोडला नाही. ताटली पुढे आली तेव्हा त्याने अंडं खाल्लं, भाकरी खाल्ली, सुकटीचं कालवण ताटली पुसून खाल्लं. खाऊन झाल्यावर डोळे मिटून पडून राहिला, आणि मग त्याला अशी झोप लागली, की गोमाजीने दोनदा नाकाशी बोट धरून श्वास बघितला.

पावसाळा लागला. ओहोळ भरले, मासे प्रवाहाच्या उलटे खाचरांत चढायला लागले आणि वाडीतली माणसं टोपल्या घेऊन वळगणीचे मासे धरायला बांधांवर उभी राहिली. गोमाजीही त्यांच्यात होता. स्वतः खात नसलेला माणूस एवढ्या हावरेपणाने मासे धरताना कोणी पाहिला नव्हता. मिठाचं मात्र त्याला उमजायचं नाही, कारण कालवण चाखून बघायची सोय उरली नव्हती. मग तो पळी घेऊन बाजेपाशी जायचा आणि दत्ताराम चाखून सांगायचा. आधी तो नुसती मान हलवायचा. श्रावणात तो बोलायला लागला. आज अळणी झालंय, आज कोकम जास्त पडलं, सुकट करपवलीत. गोमाजी तोंडाने कुरकुर करायचा आणि मनात म्हणायचा, बोल बाबा, अजून बोल.

जखमांचा तळ आधी पांढुरका होता तो लाल झाला. लाल, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखा. ठमाबाई एकदा फडकं बदलताना मदतीला आली होती, तिने ते पाहिलं. त्यानंतर पिलांची वाट बघत खुडूक बसलेल्या कोंबडीखालची अंडीसुद्धा ती काढून आणायला लागली. टाचेची जखम पहिली भरली. मग खुब्यावरची. माकडहाडावरचा खड्डा कडेने आत आत येत राहिला, मध्येच थांबला, आश्विनात पुन्हा ताप येऊन थोडा उघडला, तेव्हा गोमाजी पुन्हा हबकला. पण अन्न चालू होतं आणि दोरही चालू होता. दिवसातून कितीतरी वेळा दत्ताराम गाठी धरून अंग उचलायचा आणि वरच्या वर तोलून धरायचा. त्याचे दंड परत दिसायला लागले.

थंडी पडल्यावर ते महाडला गेले. पोलादपूरपर्यंत डोली, पुढे बैलगाडी. या खेपेला दत्ताराम गाडीत बसून गेला. डॉक्टरांनी त्याला पालथं केलं, बोटाने दाबून बघितलं. जिथे खड्डा होता तिथे आता गुलाबी, पातळ, सुरकुतलेली कातडी होती. ते म्हणाले, ही कातडी नाजूक आहे, हिला जन्मभर सांभाळावं लागेल. मग त्यांनी पायात सुई टोचून पाहिली आणि मान हलवली. एका पायात जोर यायचा नाही. त्यांनी सुताराकडून कुबड्या करवून घ्यायला सांगितल्या आणि त्यांचं माप स्वतः काढून दिलं.

गोमाजीने विचारलं, तेल अजून द्यायचं का. डॉक्टर हसले. आता बाटलीपेक्षा चुलीवर भर द्या, म्हणाले.

शिमग्याच्या सुमाराला दत्ताराम कुबड्यांवर दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला. एक पाय जमिनीवर टेकलेला, दुसरा नुसता लोंबणारा. वाडीतली माणसं जमली. कोंडाजी गुरव म्हणाला, पोरगा उभा राहिला की, आता गोमाजीनेही नवस सुटला म्हणायला हरकत नाही, देवी काही एवढं मोजत बसत नाही. ठमाबाईनेही तेच म्हटलं, आणि तिने कोंबडं कापायचीही तयारी दाखवली. गोमाजीने दोघांनाही नको म्हटलं. त्याने देवीला जे दुसऱ्यांदा सांगितलं होतं, त्यात उभं राहायची अट नव्हती.

शेताची कामं दत्तारामला पुढे कधी जमली नाहीत. मुंबईचं नाव त्याने काढलं नाही. पण चुलीपुढे पाटावर बसता येत होतं, हातात बळ होतं आणि जिभेला चव होती. हळूहळू घरातली चूल बापाच्या हातून पोराच्या हातात गेली. पुढे काही वर्षांनी पोलादपूरला प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी थांबायच्या तिथे त्याने चहा-भजीचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. पण ते नंतरचं.

त्या पहिल्या वर्षी, गोमाजी शेतावरून यायचा तेव्हा चुलीवर दोन भांडी असायची. एकात मासळीचं कालवण, दुसऱ्यात बापासाठी कुळथाची पिठी. दत्तारामने दोन्हींसाठी पळ्या वेगळ्या ठेवल्या होत्या आणि पिठी वाढण्याआधी तो हात राख लावून धुवायचा. गोमाजीने एकदा म्हटलं, एवढं नको रे करूस, हाताचा वास लागला म्हणून देवी काय रागवायची नाही.

"देवीसाठी नाय करत," दत्ताराम म्हणाला, आणि त्याने बापाच्या ताटात पिठी वाढली.